समुद्राची तयारी गावातच

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या चिठ्ठ्या घरी जाऊ लागतात. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावसारख्या गावात या चिठ्ठीला मोठे मोल असते. मढी आणि वृद्धेश्वर मुलांना पायाखालचे, पैठणही कधी ना कधी पाहिलेले. समुद्र मात्र बहुतेकांनी पडद्यावरच पाहिलेला असतो. त्यामुळे ‘मुरूड-जंजिरा’ किंवा ‘मालवण-सिंधुदुर्ग’ असे शब्द फळ्यावर उमटले की वर्गात गलका होतो. मग शिक्षक आणि पालकांच्या बैठका होतात. एसटीची पन्नास टक्के सवलत, वर्गणी, मुक्काम, जेवण, परतीची वेळ या सगळ्यांवर खल होतो. फक्त एका गोष्टीवर चर्चा होत नाही, ती म्हणजे पाणी.

पाण्याचा हिशेब न केल्याची किंमत महाराष्ट्राने अनेकदा मोजली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाची सहल मुरूडला गेली आणि १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. त्यात होडीचा संबंधच नव्हता. मुले किनाऱ्यावरून पाण्यात उतरली होती. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली, तीन मुली गेल्या. शेजारच्या गुजरातेत, वडोदऱ्याच्या हरणी तलावात, १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीतली १२ मुले आणि दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला.

अशी घटना घडली की महिनाभर परिपत्रके निघतात, पालक घाबरतात आणि मुख्याध्यापक ‘पाण्याची सहल नकोच’ म्हणून मोकळे होतात. पुढच्या वर्षी मुले एखाद्या वॉटर पार्कला नेली जातात. हा निर्णय सोपा आहे, पण शहाणपणाचा नाही. बेटावरच्या किल्ल्याची सहल तिसगावच्या मुलांना जे शिकवू शकते ते वॉटर पार्क शिकवू शकत नाही. शिवाय पाण्यापासून लांब ठेवल्याने ही मुले सुरक्षित होतात, हा समजही खोटा आहे.

आधी शिकण्याचे पाहू. पर्जन्यछायेतल्या, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातले मूल सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाते आणि तिथे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी पाहते. चारही बाजूंना खारट समुद्र आणि विहिरीत गोडे पाणी. जंजिऱ्यातही गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. मार्गदर्शक ‘हा चमत्कार’ म्हणून पुढे निघून जातो, आणि शिक्षकही. खरे तर इथेच थांबायला हवे. पावसाचे पाणी बेटाच्या खडकांच्या भेगांत मुरते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते; समुद्राचे एक लिटर पाणी गोड्यापेक्षा साधारण २५ ग्रॅमने जड भरते. म्हणून मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, पेल्यातल्या तेलासारखे, फक्त इथे मधला थर हळूहळू मिसळत असतो. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर सरकते. ज्या तालुक्यात दरवर्षी नव्या बोअरची खोली वाढत जाते, तिथल्या मुलाला भूजल समजावून सांगायला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. हा प्रयोग तिसगावच्या शाळेतही आधी करून पाहता येतो: बरणीत मिठाचे पाणी, त्यावर चमच्याच्या आधाराने हळूच सोडलेले रंगीत गोडे पाणी. एवढे पाहून गेलेले मूल साखरबावीत वेगळ्या डोळ्यांनी डोकावेल.

आता सुरक्षिततेचे. या भागातली आधीची पिढी विहिरीत पोहायला शिकली. पाठीला सुकलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड नाहीतर रिकामा डबा बांधून थोरला भाऊ किंवा चुलता धाकट्याला ढकलून द्यायचा. पद्धत रांगडी होती. पण पाणी माणसाला कसे वर धरते आणि कसे आत ओढते, ते अंगाला कळायचे. विहिरींची जागा बोअरने घेतली तसे ते शिक्षण थांबले. त्याच वेळी गावोगाव शेततळी आली. शेततळ्याच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की तो साबणासारखा निसरडा होतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. कुंपण नसलेले, दोर नसलेले शेततळे हे समुद्रापेक्षा घराच्या कितीतरी जवळचे संकट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात आणि त्यात मुलांचे प्रमाण मोठे असते. म्हणून समुद्राच्या सहलीची तयारी ही मुळात गावातल्या पाण्याची तयारी आहे.

तयारीत पहिला मान लाइफ जॅकेटचा. ‘बोटीवर जॅकेट असतात’ हे वाक्य बैठकीत ऐकले की सगळे निर्धास्त होतात. प्रश्न असा की कोणत्या मापाची? जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जॅकेट वयावर नाही, वजनावर ठरते: १५ किलोच्या आतले तान्ह्यांचे, १५ ते ४३ किलोपर्यंतचे मुलांचे आणि ४३ किलोपासून पुढे प्रौढांचे. सहावी-सातवीतली कितीतरी मुले ४३ किलोच्या आत असतात. त्यांना प्रौढांचे जॅकेट चढवले तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. परीक्षा सोपी आहे. पट्टे आवळल्यावर मुलाला दोन्ही हात वर करायला सांगावेत आणि जॅकेट खांद्याला धरून वर उचलावे. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आले तर मोठे आहे. मुलांची वजने शाळेच्या आरोग्य तपासणीत नोंदलेली असतात. ती यादी काढून, लहान मापाची किती जॅकेट लागतील ते बोटवाल्याला आठवडाभर आधी फोनवर विचारावे. ‘बघू, होऊन जाईल’ असे उत्तर आले तर दुसरा बोटवाला शोधावा. जॅकेट धक्क्यावर घालायचे, बोटीत बसल्यावर नाही, आणि उशी म्हणून खाली तर मुळीच घ्यायचे नाही. फोटोत चांगले दिसत नाही म्हणून ते काढणारे आधी मोठेच असतात, हेही शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट बोटीच्या तोलाची. डब्याचे पसरट झाकण बादलीत तरंगत ठेवून त्यात नाणी मांडली तर सातवीच्या मुलाला सगळे कळते. नाणी पसरून ठेवली की झाकण स्थिर राहते. एका कडेला सरकवली की कलते आणि कडेवरून पाणी आत आले की उलटायला क्षणही लागत नाही. झाकणात उभी बाटली ठेवली तर ते आणखी लवकर कलंडते, कारण वजन वर गेलेले असते. डॉल्फिन दिसला म्हणून एका बाजूला धावणारी, उभी राहणारी चाळीस मुले म्हणजे तीच नाणी आणि तीच बाटली. बोटीची परवानगी किती प्रवाशांची आहे, हे विचारण्याचा शिक्षकांना पूर्ण अधिकार आहे. एक फेरी वाचवण्यासाठी दहा मुले जास्त कोंबण्याचा आग्रह धरणारे पुष्कळदा सहलीचे आयोजकच असतात. जंजिऱ्याला राजापुरीहून शिडाच्या होडीने जाताना आणखी एक नाजूक क्षण येतो. होडी लाटेवर वरखाली होत असते आणि तिच्यातून किल्ल्याच्या दरवाजाकडे उतरायचे असते. होडी आणि दगड यांच्यात पाय सापडू शकतो. एकेकाने, दोन्ही हात मोकळे ठेवून, वर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या हाताला धरूनच उतरायचे. मोबाइल खिशात.

वेळेचे गणित कोकणात प्रत्येक कोळ्याला तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि मोठी असते, ओढही जास्त असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येते. परतायला उशीर झाला की तीच वाट पाण्याखाली. तिसगावच्या प्रत्येक घरात भिंतीवर कालनिर्णय असतेच. सहलीची तारीख ठरवताना तिथी पाहावी. शुभाशुभासाठी नव्हे, भरतीसाठी. तसेच वाऱ्याचे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे जोर धरतात आणि पाणी खवळते. बेटावरची फेरी सकाळी उरकलेली बरी. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. समुद्रच कशाला हवा?

आता ‘गाडी लागणे’ आणि ‘बोट लागणे’. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर हलले की त्या मेंदूला कळवतात. डोळे मात्र समोरच्या सीटकडे किंवा मोबाइलकडे पाहत ‘सगळे स्थिर आहे’ असे सांगत असतात. या भांडणातून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. राजापुरी ते जंजिरा किंवा मालवण ते सिंधुदुर्ग हा प्रवास काही मिनिटांचा. तेवढ्यात बोट लागणारी मुले थोडी. खरा त्रास त्याआधी रात्रभर एसटीत आणि घाटाच्या वळणांवर झालेला असतो. धक्क्यावर पोहोचलेले मूल उलट्यांनी थकलेले, तहानलेले आणि उपाशी असते, आणि त्याच अवस्थेत ते होडीत चढते. म्हणून रात्रीचा प्रवास टाळावा, पुढच्या सीटवर बसवावे, लांब क्षितिजाकडे पाहायला सांगावे. वडापाव-भजी टाळून भाकरी, केळी, लाह्या असे हलके काही द्यावे. गोळ्यांचे वाटप ही मात्र वाईट सवय आहे. ॲव्होमिनसारख्या गोळीने गुंगी येते. पन्नास मुलांना सरसकट गोळी देणे म्हणजे पन्नास पेंगुळलेली मुले पाण्याच्या कडेला उभी करणे. ज्याला खरोखर त्रास होतो त्यालाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, निघण्यापूर्वी अर्धा-एक तास द्यावी.

पालकांच्या संमतिपत्राची गोष्ट या तालुक्यात वेगळी आहे. दसऱ्यानंतर इथले अनेक आईबाप ऊसतोडीला जातात आणि मुले आजी-आजोबांकडे राहतात. सहलीचा हंगाम नेमका हाच. संमतिपत्रावर आजीचा अंगठा असतो आणि ‘मुलास काही आजार आहे का’ या रकान्यात ‘नाही’. लहानपणी आलेली फिट, दम्याचा पंप, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठते, हे बहुधा आईलाच ठाऊक असते आणि ती कुठल्या तरी कारखान्याच्या थळावर असते. वर्गशिक्षकांनी प्रत्येक आईला एक फोन करणे, एवढे काम कोणत्याही सुरक्षा परिपत्रकापेक्षा जास्त मोलाचे आहे. फिट येणाऱ्या मुलाला सहलीतून वगळू नये. त्याने औषध चुकवू नये, पाण्यात उतरू नये आणि एक मोठे माणूस सतत त्याच्याजवळ असावे. मुलींचा एक प्रश्न तर कोणी विचारतच नाही. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने त्या पाणीच पीत नाहीत आणि दुपारच्या उन्हात किल्ल्यावर चक्कर येऊन पडतात. थांबे आधी ठरवून मुलींना सांगितले, सोबत शिक्षिका असली आणि पाळीसाठी पॅड बरोबर ठेवले तर ही चक्कर टळते.

शेवटी बुडणाऱ्याला वाचवण्याचे. बुडणारे माणूस सिनेमातल्यासारखे ओरडत नाही. श्वासच पुरत नाही, तर आवाज कुठून येणार? ते उभे राहिल्यासारखे दिसते, तोंड पाण्याच्या रेषेवर येते-जाते आणि मिनिटभराच्या आत खाली जाते. त्याच्यामागे उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. मे २०२४ मध्ये नगर जिल्ह्यातच, अकोले तालुक्यातील सुगावला प्रवरेत, शोधकार्याला उतरलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान बोट उलटून मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित माणसांची ही गत, तर शाळकरी मित्राची काय? दोर, साडी, बांबू, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते फेकावे आणि काठावर पालथे पडून ओढावे. बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, पोट दाबणे, गरगर फिरवणे हे सारे बंद. त्यात अमूल्य मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास नसेल तर उताणे झोपवून आधी तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास, हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. १०८ ला फोन करावा. समुद्रावर असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एका शनिवारी शाळेत बोलावले तर तासाभरात आठवी-नववीची मुले हे उशीवर दाब देऊन शिकतात.

आणि त्याच शनिवारी, सहलीला अजून महिना असताना, मुलांनी गाठी मारलेले दोर आणि जुने टायर-ट्यूब घेऊन शिक्षकांबरोबर जवळच्या दोन-चार शेततळ्यांवर जावे, मालकांना विचारून चारही काठांना दोर बांधून यावेत.