जमाखर्चात नसलेली मजुरी

दिवाळी सरते, कापसाची वेचणी सुरू होते आणि आमच्या चुडाव्यात एका पत्र्याच्या शेडपुढून जाताना ऑइलपेंट अन् टर्पेंटाइनचा वास येऊ लागतो. तो वास आला की गावातली लेकरे ओळखतात, पेंटरमामांचे काम सुरू झाले. शेडपुढे आकाशपाळण्याच्या लोखंडी बैठका ओळीने उलट्या टाकलेल्या असतात. कुठे चक्रीचे लाकडी घोडे पाय वर करून पडलेले, कुठे पत्र्याचे लांब फळे भिंतीला टेकवलेले. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा भरते. २ फेब्रुवारीपासून परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस असतो. त्याआधी पाळण्यांना नवा रंग चढला पाहिजे. पावसाळाभर गंजत पडलेले हे लोखंड दीड-दोन महिन्यांत नवरीसारखे सजवायचे, हे मामांचे काम.

मामांचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण त्यांचीच तशी इच्छा आहे. गावात लहानथोर सगळे त्यांना पेंटरमामाच म्हणतात. वय पासष्टीच्या पुढे. शाळा चौथीपर्यंत. बारा वर्षांचे असताना एका पाळणेवाल्याबरोबर ते जत्रेला गेले, ते गंज खरवडायला. रंगाच्या डब्यापर्यंत पोचायला त्यांना तीन वर्षे लागली, आणि बारीक ब्रश हाती यायला आणखी दोन.

पुष्कळांना वाटते, पाळणा रंगवणे म्हणजे काय, डबा उघडला आणि फासला. आम्हालाही तसेच वाटायचे. एके रविवारी दिवसभर मामांजवळ बसलो तेव्हा आमचे डोळे उघडले. आधी तारेच्या ब्रशने गंज काढायचा. मग काचपेपर. मग रेड ऑक्साईडचा हात. तो पुरता वाळला की रंगाचे दोन हात. घाई करून ओल्यावर दुसरा हात दिला तर रंगाला सुरकुत्या पडतात. पहाटेचे दव पडले तर चकाकी मरते, म्हणून शेवटचा हात ऊन वर आल्यावरच द्यायचा. त्यानंतर खडूने आखणी, मग मोर, वाघ, कमळ, धावता घोडा, आणि सगळ्यात शेवटी काळ्या रंगाची बारीक कड. ही कड ओढताना मामा श्वास रोखून धरतात. हात एकदा उचलला की रेघ तुटते.

आम्ही विचारले, ‘‘मामा, घोड्याचा डोळा एवढा मोठा कामून?’’

मामा हसले. म्हणाले, ‘‘भाचेसाहेब, तुमच्या हापिसातला कागद टेबलावर पडून राहतो. माझा घोडा फिरत राहतो बगा. फिरत्या घोड्याचा बारीक डोळा कुणाला दिसंल?’’

त्या एका वाक्यात त्यांची सारी विद्या आली. पाळणा फिरू लागला की बारीक नक्षी पुसली जाते. उरतात ते रंगांचे मोठे पट्टे. म्हणून लालाशेजारी पिवळा, निळ्याशेजारी पांढरा. रात्री दिव्यांच्या उजेडात, धुळीतून, लांबच्या माणसालाही पाळणा दिसला पाहिजे आणि त्याचे पाय तिकडे वळले पाहिजेत. पाळणेवाल्याचा अर्धा धंदा या रंगावर चालतो. हे पाळणेवाल्याला ठाऊक असते, पण मजुरी देताना तो ते विसरतो. मागे एका मालकाने नऊ हजार ठरवून साडेपाच हजार हातावर ठेवले आणि ‘‘बाकीचे जत्रा झाल्यावर’’ म्हणून निघून गेला. जत्रा झाली, पुढची जत्राही झाली. मामांजवळ ना चिठ्ठी, ना सही. भांडायचे कशाच्या जोरावर?

हे ऐकून आमच्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. कागद हे आमचे हत्यार. आम्ही मामांना चार गोष्टी सुनावल्या. काम घेताना लिहून घ्या, आगाऊ रक्कम घ्या, पैसे मिळाल्याची पावती द्या. मामा मान डोलवत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘मालक परका हाय, त्याचं काय एवढं. आपल्या मानसांकडं तरी मी कुठं चिठ्ठी मागितली?’’

ते वाक्य घेऊन आम्ही घरी आलो. रात्री झोप येईना. आम्ही गावच्या जयंती मंडळाचा हिशेब बरीच वर्षे सांभाळतो. आधीच्या खजिनदारांच्या वह्याही आमच्याच पेटीत आहेत. कंदिलासारखा लुकलुकणारा बल्ब होता, त्याच्या उजेडात आम्ही त्या वह्या काढून बसलो.

मंडप, इतके रुपये. लाउडस्पीकर, इतके. वक्त्यांचा प्रवासखर्च, इतका. निळीच्या पुड्या, पताकांचे कागद, केळी, साखर. सुतळीच्या बंडलाचीही नोंद आहे. आणि पेंटर? ‘रंगाचे डबे व ब्रश’ एवढीच नोंद. मजुरीच्या रकान्यात काही नाही. एका वर्षी नाही, दोन वर्षी नाही, एकाही वर्षी नाही. दर एप्रिलला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बाबासाहेबांची पुरुषभर उंचीची प्रतिमा मामांनी काढली, विहाराच्या दारावरची अक्षरे त्यांनीच लिहिली, मिरवणुकीची बैलगाडी अन् पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली त्यांनीच सजवली. आठ-आठ दिवसांची त्यांची रोजी बुडाली. आणि आम्ही काय दिले? ‘जयंतीचे काम आहे, पैसे कसले?’ हे उत्तर दिले. खरे म्हणजे उत्तर द्यायचीही वेळ आली नाही, कारण त्यांनी कधी विचारलेच नाही.

बरे, हे येथेच थांबले असते तरी एक वेळ चालले असते. फ्लेक्स आला आणि आम्ही मंडळींनी नांदेडला जाऊन एका रात्रीत बॅनर छापून आणायला सुरुवात केली. त्या फ्लेक्सची नोंद मात्र वहीत आहे, पैशासकट, पावतीसकट. म्हणजे फ्लेक्सवाल्याला रोख आणि आपल्या माणसाला कोरडा जयभीम! पाचवारी जागेवर दहा जणांचे फोटो, कोपऱ्यात बाबासाहेब. जयंती झाली की तोच फ्लेक्स गोठ्यावर, नाहीतर नालीत. मामांनी काढलेली प्रतिमा भिंतीवर वर्षभर राहायची, आणि तिच्यासमोरून जाताना माणूस चप्पल काढायचा.

वाचक बंधुभगिनींनो, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही एका मजुराची मजुरी बुडवत होतो, आणि हिशेब लिहिणारा हात आमचा होता.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. पाळण्यावर मोर-वाघांबरोबर देवादिकांची चित्रेही मालक काढायला लावतात. त्यावरून एकदा बैठकीत आम्ही मामांना चार लोकांत बोललो होतो. मामांनी मान खाली घातली आणि पुढचे दोन महिने ते बैठकीला आले नाहीत. भगवंतांनी उपासकाला वर्ज्य म्हणून सांगितलेले धंदे पाच. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. रंगकाम त्यात नाही. मालकाच्या पत्र्यावर मालक सांगेल ते काढणारा पूजा करीत नाही, पोट भरतो. त्याला दुसरे काम देण्याची आमची ऐपत नव्हती, पण उपदेश करण्याची मात्र होती.

अजिंठा आपल्या मराठवाड्यातच आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळाव्या क्रमांकाचे लेणे दान दिले. त्याचे नाव तेथील शिलालेखात आजही वाचायला मिळते. पण खडकावर मातीचा गिलावा चढवून, त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, दिव्याच्या उजेडात ज्यांनी ती चित्रे काढली त्यांची नावे आपल्याला मिळत नाहीत. पैसे देणाऱ्याचे नाव दगडात आणि हात चालवणाऱ्याचे कुठेच नाही. दीड हजार वर्षांनी आमच्या वहीतही तेच झाले.

सगळीकडे असेच असते काय? नाही. अर्जेंटिना देशात ब्युनोस आयर्स नावाचे शहर आहे. तिथे घोडागाड्यांवर वेलबुट्टी अन् वळणदार अक्षरे रंगवणाऱ्या कारागिरांची एक रीत होती. पुढे ती ट्रकवर आणि बसवर गेली. १९७५ साली बसवर अशी नक्षी काढायला बंदी झाली. तरी कारागिरांनी ब्रश सोडला नाही, आणि २०१५ साली युनेस्कोने ती कला मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली. एवढ्या लांब कशाला, शेजारच्या बांगलादेशात ढाका शहरातील सायकलरिक्षा आणि त्यांच्यावरची चित्रकारी यांची २०२३ साली तशीच नोंद झाली. इंग्लंडात फ्रेड फाऊल नावाचा जत्रेतल्या पाळण्यांचा पेंटर होऊन गेला. तो १९८३ साली वारला. त्याच्या कामाचे नमुने आज तिकडे जपून ठेवले जातात. शेफील्डच्या विद्यापीठात तर १९९४ पासून जत्रा आणि सर्कस यांच्या कागदपत्रांचा स्वतंत्र संग्रह आहे. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबुराव नाटकांचे पडदे रंगवत. धंद्यावरूनच लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच नाव पुढे मराठी सिनेमाच्या इतिहासात गेले. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. म्हणजे हा हात हलका नाही. हलकी आहे ती आपली नजर.

हे झाले मानाचे. आता पोटाचे आणि छातीचे. मामांना सकाळी खोकला लागतो आणि उजवा हात थोडा कापतो. डॉक्टरांनी कारण एक सांगितले नाही, वयही आहेच. पण कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने पेंटरचा व्यवसाय १९८९ सालीच कर्करोगाचा धोका असलेल्या कामांत घातला आहे, हे आपल्या रंगकाम करणाऱ्या पोरांना कोणी सांगितले? जुन्या पिवळ्या आणि शेंदरी रंगांत शिसे असायचे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर आपल्याकडे २०१६ च्या नियमाने कडक मर्यादा आली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. पण जुन्या लोखंडावरचा जुना रंग खरवडताना उडणारी धूळ अजून तीच आहे. म्हणून तोंडाला फडके नव्हे, चांगला मास्क बांधा. खरवडण्याआधी पत्रा ओला करा. रंगाच्या हाताने भाकर खाऊ नका. टर्पेंटाइनने हात धुण्याची सवय मोडा. कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नका. माउल्यांनो, हे शेवटचे तुमच्या हातात आहे.

सरकारी योजनांचेही पाहिले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, चांभार आहे, न्हावी आहे, हार गुंफणारा आहे. पेंटर नाही. मात्र घरे-इमारतींचे रंगकाम करणाऱ्याला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करता येते. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. मामा पाळण्याबरोबर घरेही रंगवत होते. साठीच्या आत नोंद झाली असती. आम्ही रोज फॉर्म भरणारे, त्यांच्या दारावरून रोज जाणारे, आम्हाला सुचले नाही. आता त्यांचे वय निघून गेले. त्यांच्या हाताखाली दोन पोरे आहेत, त्यांचे कागद तेवढे आम्ही जमवायला घेतले आहेत.

मामांची नात नववीत आहे. तिचा हात आजोबांवर गेला आहे. मामा तिला ब्रश धरू देत नव्हते. ‘‘माझ्या हाताला घट्टे पडले तेवढे बस झाले, तिनं पेन धरावा,’’ असे त्यांचे म्हणणे. त्यात चूक काय? शिक्षणाचे मोल त्यांना न शिकल्यामुळे जास्त कळले आहे. पण आम्ही त्यांना समजावले की पेन आणि ब्रश यांचे वैर नाही. शाळेतून चित्रकलेची एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा देता येते, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढे छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. मामा बराच वेळ गप्प बसले. मग पोरीला म्हणाले, ‘‘फारम भर. पन आधी गणिताचं पुस्तक दाखव.’’

मंडळाच्या गेल्या बैठकीत आम्ही ती वही सर्वांसमोर ठेवली. एक-दोन तरुण म्हणाले, फ्लेक्स स्वस्त पडतो. आम्ही म्हणालो, स्वस्त पडतो हे खरे, पण त्याचे पैसे गावाबाहेर जातात आणि आठ दिवसांत त्याचा कचरा होतो. दोन तास चर्चा झाली. शेवटी ठरले की यंदा एक भिंत रंगवायची, मजुरी आधी ठरवायची, निम्मी आगाऊ द्यायची आणि चित्राखाली पेंटरचे नाव लिहायचे. मागच्या वर्षांचे काय, यावर कोणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. तेवढी रक्कम मंडळाकडे नाही आणि ती कशी फेडायची हे आम्हाला अजून सुचलेले नाही.

वहीत नवी ओळ लिहून आम्ही आगाऊ रक्कम घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी नोटा मोजल्या नाहीत. आम्ही म्हणालो, ‘‘मामा, मोजून घ्या अन् इथं सही करा.’’ तेव्हा त्यांनी मोजल्या, आणि कापऱ्या हाताने, पण रेघ न तोडता, सही केली.

आपापल्या गावच्या मंडळांच्या वह्या एकदा उघडून पाहा. सुतळीची नोंद सापडेल. मजुरीचीही सापडते का, तेवढे बघा.