रोजची क्वार्टर आणि लकवा

थोडी घेतली की रक्त पातळ राहतं, लकवा मारत नाही, हे जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्याची पाळी सुटल्यावर जितकं ठासून सांगितलं जातं, तितकंच शिकल्यासवरल्या बैठकीतही. याला आधार अगदीच नव्हता असं नाही. जुन्या पाहण्यांत बेताने पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा धडधाकट दिसत. मात्र न पिणाऱ्यांत दुखण्यामुळे दारू सुटलेलेही धरले जात. हा घोळ 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चीनमधल्या 5 लाख लोकांच्या अभ्यासाने निस्तरला. तिथे अनेकांना दारू न सोसण्याचं जनुक जन्मतःच मिळतं. त्याआधारे तुलना केली तेव्हा ‘थोडी’चा फायदा उरलाच नाही, रोजच्या 40 ग्रॅम अल्कोहोलमागे लकव्याचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी वाढला. आपली 180 मिलीची व्हिस्कीची क्वार्टर जवळपास 60 ग्रॅमची. चिनी माणसांचं आपल्याला काय, असं कुणी विचारेल; पण दारूने चढणारा रक्तदाब भोकरदन-मंठ्यातही चढतोच. लकव्याच्या झटक्यानंतर पिणं चालू राहिलं तर तोल जाऊन पडणं, गोळ्या चुकणं आणि दुसरा झटका, तिन्ही जवळ येतात. रोज पिणाऱ्याने एकदम सोडणंही जोखमीचं, फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना खरं प्रमाण सांगावं, लाज नंतर. सगळ्यात घातक गैरसमज घरच्यांचा: लकव्याने जीभ जड झाली, पाय लटपटले, तरी ‘चढलीय, झोपू द्या’. मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासच मिळतात, आणि ते त्या झोपेतच सरतात.