मेहरूणचे बोर आणि मोबाईलवरचे गिऱ्हाईक

थंडी पडली की जळगावच्या बाजारात बोरांच्या पाट्या दिसू लागतात आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, ‘मेहरूणची का?’ विकणारा ‘हो’ म्हणतो. गिऱ्हाईक एक बोर उचलून तोंडात टाकते आणि खरेखोटे तिथेच होऊन जाते. आता तेच गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसून मोबाईलवर माल मागवते. त्याला चव घेता येत नाही, ते फक्त तुमच्या शब्दावर पैसे पाठवते. तो शब्द कोण देतो आणि बिघडले तर कोण सांभाळतो, हाच आज खरा प्रश्न आहे.

मेहरूणचेच पाहा. हा भाग आज जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. तलाव आहे, पण बोरींच्या बागांच्या जागी पुष्कळ ठिकाणी घरे उभी राहिली. नाव मात्र पार दूर गेले. उमराण, कडाका, छुहारा यांच्या पंक्तीत ‘मेहरूण’ ही बोराची जातच होऊन बसली. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने ही जात लावली तर तोही ‘मेहरूण बोर’ म्हणूनच विकणार, आणि त्यात त्याची लबाडी नाही. पण लांबच्या गिऱ्हाइकाला जात कोणती आणि गाव कोणते, हे कसे कळावे? माल आंबट निघाला की ते एवढेच म्हणते, ‘मेहरूणची बोरं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत.’ नाव सगळ्यांचे, जबाबदारी कुणाचीच नाही.

जळगावची केळी आणि भरिताचे वांगे यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगली गोष्ट झाली. पण मानांकन म्हणजे नावाचा सातबारा समजा. उतारा आपल्या नावावर असला तरी बांधावर उभे राहावेच लागते. मानांकनाचे नाव वापरायचे तर शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने त्यापुढे पाऊल टाकले. 2025 च्या हंगामात फळावर वेगळा क्रमांक असलेले स्टिकर लावायला सुरुवात केली, म्हणजे गिऱ्हाइकाला फळ कुठले याची खात्री करता यावी. कारण हापूसच्या नावाखाली दुसरा आंबा खपतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे सोसले आहे.

दुसरी गोष्ट अफवेची. 2020 च्या सुरुवातीला ‘कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो’ असा निरोप मोबाईलवर फिरला. ते खोटे होते. पशुसंवर्धन खात्याने व पोल्ट्रीवाल्यांनी खुलासे केले, पण तोवर अफवा घरोघर पोचली होती. भाव मातीमोल झाले. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात तर पोल्ट्रीवाल्यावर जिवंत पक्षी खड्ड्यात पुरायची पाळी आली. त्यानंतर केळीचीही एक चित्रफीत देशोदेशी फिरली. सोमालियाच्या केळीत ‘हेलिकोबॅक्टर’ नावाचा किडा असतो, खाल्ला की माणूस मरतो, असे तिच्यात सांगितले होते. हेलिकोबॅक्टर हा किडा नव्हेच, तो पोटात आढळणारा जिवाणू आहे. पण एवढे कोण तपासतो? उद्या असा निरोप रावेर-यावलच्या केळीवर आला, तर उत्तर कोण देणार?

इथे एक चूक होते. अफवा आली की आपण चिडून चार शब्द लिहितो. त्याने काही साधत नाही. गिऱ्हाइकाला शिवी नको, पुरावा हवा. केळी कार्बाइडने पिकवतात अशी शंका कुणी काढली, तर कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे, आम्ही रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायूवर पिकवतो, हे सांगा आणि चेंबरचे दार उघडून मोबाईलवर दाखवा. मात्र दाखवता यावे असे काम आधी असले पाहिजे. जे लपवावे लागते त्याची जाहिरात फार दिवस टिकत नाही.

आता तक्रारीचे बोलू. बोरात अळी निघाली असा फोटो गिऱ्हाइकाने टाकला. आपल्याला ठाऊक आहे, फळमाशीचा उपद्रव बोरीला असतोच. ‘आमच्या मालात असं होत नाही’ म्हणालात की संपलात, कारण फोटो समोर आहे. त्याऐवजी त्याच दिवशी उत्तर द्या. चूक मान्य करा, पैसे परत करा किंवा माल बदलून द्या. मग बागेत जा. किडकी, गळालेली बोरे वेचून नष्ट करा, झाडाखालची माती उकरून कोष उघडे पाडा, आणि हे केले म्हणून गिऱ्हाइकाला कळवा. एका माणसाला दिलेले उत्तर शंभर जण वाचतात, हे विसरू नका.

यात कायदाही आहे. इंटरनेटवरून नियमित धंदा करणाऱ्यांसाठी 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रारीसाठी अधिकारी नेमायचा, 48 तासांत तक्रार पोचल्याचे कळवायचे आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व बचत गटांनी हे आत्ताच समजून घ्यावे. ग्राहक 1915 या क्रमांकावर तक्रार करू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

खर्च फार नाही. व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे ॲप 2018 पासून आपल्याकडे आहे, फुकट आहे. त्यावर मालाची यादी, भाव आणि कामाची वेळ टाकता येते. खरी अडचण माणसाची आहे. तोडणीच्या दिवसांत फोन कोण उचलणार? म्हणून दहा-वीस उत्पादकांनी मिळून एक क्रमांक ठेवावा आणि लिहिता-बोलता येणाऱ्या एकाला, मग ती घरची सून असो की शिकलेला पोरगा, त्याची जबाबदारी व मोबदला द्यावा. आलेली प्रत्येक तक्रार वहीत लिहावी. हंगाम संपला की वही उघडून बसावे. पुढच्या वर्षी काय सुधारायचे ते तिच्यात सापडते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनीही हा खाजगी मामला समजू नये. अफवा उठली की सहायक कृषी अधिकाऱ्याकडून खात्री करून त्याच दिवशी ग्रामपंचायतीने लेखी खुलासा काढावा. गावाचे नाव ही गावाची मालमत्ता आहे. गावठाणाची जागा कुणी बळकावली तर आपण पंचनामा करतो. नाव खराब होते तेव्हा मात्र गप्प बसतो.

मेहरूणचे नाव पिढ्यान् पिढ्यांच्या चवीने झाले. ते कमवायला कुणाला मोबाईल लागला नाही. टिकवायला मात्र आता रोज कुणीतरी उत्तर द्यायला हवे.