उचल आणि आधार

दिवाळीच्या सुमारास आमच्या जालना जिल्ह्यांतील अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून माणसांनीं भरलेलीं वाहनें साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. त्यांत भांडींकुंडीं असतात, तान्हीं मुलें असतात. गांवांत मागें राहतात ते म्हातारेकोतारे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. हंगामापूर्वीं मुकादमाकडून ‘उचल’ घ्यावयाची आणि पुढें चारपांच महिने ऊस तोडून ती फेडावयाची, असा हा व्यवहार. कारखान्यास हवीं तेव्हां माणसें मिळतात. नको तेव्हां त्यांचा भार नाहीं. कामगार-व्यवस्थेंत लवचिकपणा असावा, असें अर्थशास्त्रज्ञ सांगतात. तो याहून अधिक कोठें सांपडेल?

परंतु तोडणारा आजारी पडला तर दिवसाचा ‘खाडा’ त्याच्याच माथीं बसतो, आणि न फिटलेली उचल पुढील हंगामावर चढते. कौटिल्यानें ‘धर्मस्थीय’ अधिकरणांत वेतन घेऊन काम न करणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आहे. पण लागलीच असेंही म्हटलें आहे कीं, तो अशक्त असेल, रोगानें वा संकटानें गांठलेला असेल, तर त्यास सवलत मिळावी किंवा त्यानें तें काम दुसऱ्याकडून करवून द्यावें. इतका विचार आमच्या मुकादमी व्यवहारांत दिसत नाहीं.

हंगामी काम म्हटलें कीं असेंच चालावयाचें, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर आपल्याच राज्यांत आहे. मुंबईच्या बाजारांतील हमालही एका व्यापाऱ्याचा कायमचा नोकर नव्हे. आज या गाळ्यावर, उद्यां त्या. परंतु अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर 1969 सालीं माथाडी कायदा झाला. त्यान्वयें हमालाची नोंद मंडळाकडे होते; मालक मजुरी आणि तिजवरील लेव्ही मंडळांत भरतो; आणि मंडळ हमालास मजुरी, भविष्यनिर्वाह निधि व इतर लाभ देतें. मालक बदलला तरी आधार बदलत नाहीं. डेन्मार्कमध्येंही मालकास माणूस कमी करणें तुलनेनें सोपें आहे. मात्र बेकारी-निधीच्या सभासदास काम सुटल्यावर निर्वाहवेतन मिळतें, आणि नवें काम शिकण्याची सोयही आहे.

मग एकाच राज्यांत हा भेद कां? हमाल एका बाजारांत एकत्र असतात. त्यांनीं हात आंखडले तर बाजार थांबतो. ऊसतोड करणारे गांवोगांव विखुरलेले, परजिल्ह्यांत वा कर्नाटकांत फडावर राहणारे. आणि कारखाना व ते यांच्यामध्यें मुकादम उभा. त्यामुळें खरा मालक कोण, हाच प्रश्न अधांतरीं राहतो. 2019 सालीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघालें, हें चांगलेंच झालें. परंतु कल्याणनिधि निराळा आणि नोंद, मजुरी व लाभ एका हातीं असणारें मंडळ निराळें. उचलीची जागा अशा मंडळानें घेतल्याखेरीज हें ओझें उतरणार नाहीं.

आणि कारखान्यांस बोल लावण्यापूर्वीं घरांतही पाहावें. आपण महिनाभर यात्रेस गेलों म्हणजे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंचें तेवढें वेतन कापतों. तिच्या घरची चूल मात्र त्या महिन्यांतही पेटावी लागते. पुढच्या यात्रेच्या खर्चांत तिचें वेतन आधीं मांडून ठेवावें, एवढें तर आपल्या हातीं आहे.