भानगड नाही, जनुकं आहेत!

“आमच्या घरी कोणालेच नाही झाला, मंग तपासाचं कायले?” गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषय निघाला की मौदा काय नि नागपूर काय, हे ऐकू येतंच. दुसरं वाक्य दबक्या आवाजात येतं, “तिला झाला म्हणजे काहीतरी भानगड असेल.” मित्रमैत्रिणींनो, ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत आणि दोन्ही जीव घेतात.

या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू आहे. हे दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. शरीरसंबंधातून तो बहुतेकांना कधी ना कधी गाठतोच, त्यासाठी एकच जोडीदार पुरतो. बहुतेकींचं शरीर साधारण दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. काहींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो.

असं का? उत्तराचा एक भाग सहाव्या गुणसूत्रावर आहे. तिथली एचएलए जनुकं विषाणूचे तुकडे पेशीच्या दारात मांडून ‘हा बघा चोर’ असं टी-पेशींना दाखवतात. ही जनुकं माणसागणिक वेगळी असतात. कुणाची हा चोर नीट दाखवतात, कुणाची नाही. स्वीडनमधल्या नोंदींत रुग्णांच्या सख्ख्या आई-बहिणींना धोका जवळपास दुप्पट दिसला, दत्तक नात्यात तो वाढलेला दिसला नाही.

म्हणजे आजार कुणाला होतो, यात चारित्र्याचा हिशोब लावणं बिनडोकपणा आहे. पण ‘आमच्या रक्तात नाही’ म्हणून निर्धास्त राहणंही तितकंच चूक. जनुकं एकटी हा कॅन्सर घडवत नाहीत, त्याला विषाणू लागतो. तंबाखू आणि एचआयव्हीमुळेही धोका वाढतो. जनुकं बदलता येत नाहीत, विषाणूला अडवता येतं.

पुरावा आपल्याच राज्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणी फक्त एकदा केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम दोघींनी ही तपासणी केलेली निघाली. बाकीच्यांत तुमची-आमची आई, मावशी, काकू आल्याच ना?

लसही आहे. पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हावॅक’ २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वयात दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. विषाणू शरीरात शिरण्याआधी घेतली तर फायदा सर्वाधिक. मुलांनो, ती तुम्हालाही चालते. विषाणू तुमच्यामार्फतही पसरतो आणि घशाचा कॅन्सर तुम्हालाही करू शकतो. मात्र लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टळत नाही.

कॉलेजात दरवर्षी रक्तदान शिबिर होतं, तसं एनएसएसकडे या लसीच्या माहितीचं सत्र मागा. आणि या सुट्टीत आईला विचारा, “तपासणी झाली का गं?” ती लाजेल, विषय बदलेल. तुम्ही बदलू नका. सोबत जा.