उसातल्या शेजाऱ्याची किंमत

शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांचा जीव घेतला. त्यांत दोन मुले होती. लोकांनी महामार्ग रोखला आणि अखेर एका बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या घरांवर जे कोसळले, त्यापुढे कोणताही युक्तिवाद थिटाच. माणसांवर वारंवार हल्ला करणारा बिबट्या ओळखला गेला, तर त्याला तेथून हटवलेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पण तेवढ्याने प्रश्न मिटला असे मानून पुढच्या बळीपर्यंत स्वस्थ बसण्याची जी सवय सरकारला आणि आपल्या सर्वांना लागली आहे, ती आता मोडायला हवी.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला नाही. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्यांनी शिवारात खेळले आणि माळरानांच्या जागी ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात असतो. सावली, पाणी, लपायला जागा आणि वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, वासरे. बिबट्याची मादी गाभण राहिल्यावर सुमारे तीन महिन्यांत विते. तिला याहून सुरक्षित ठिकाण सापडणार कोठे? आज तेथे फिरणारे कित्येक बिबटे उसातच जन्मले, उसातच वाढले. 'त्यांना जंगलात परत न्या' ही मागणी समजू शकते, पण परत जायला त्यांना जंगल ठाऊकच नाही.

न्यायचे म्हटले तरी काय होते, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. 2001 पासून जुन्नर भागातून पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लावला गेला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे त्याचा हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेल्याचे दिसले. अनोळखी मुलखात टाकलेले, पिंजऱ्यात धडका देऊन जखमी झालेले जनावर शांतपणे नवा संसार मांडत नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' हा नर तर शंभराहून अधिक किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. आणि पकडलेल्या जनावराची रिकामी जागा दुसरा बिबट्या भरून काढतो ते वेगळेच.

याच भागात दुसरेही काही घडते, ज्याची बातमी क्वचितच पहिल्या पानावर येते. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात. मजूर कोयता थांबवतात, वनखात्याला कळवतात. बछड्यांची तपासणी होते आणि अंधार पडायच्या आत, जेथे सापडली तेथेच त्यांना क्रेटमध्ये ठेवले जाते. रात्री मादी येते, क्रेट कलंडवते, एकेकाला मानेला धरून उचलते आणि निघून जाते. हातावर पोट असलेल्या मजुराने त्या दिवशीची तोड थांबवलेली असते. प्राण्यांबरोबर जग वाटून घेण्याचा धर्म पाळणारा महाराष्ट्रात कोणी असेल, तर तो हा माणूस आहे.

त्याच्या पदरात मात्र काय पडते? रात्री तो पाचटाच्या कोपीत झोपतो. तिला दार नसते, बाहेर दिवा नसतो, मुले जमिनीवर. बाया पहाटे अंधारात उघड्यावर जातात. शेतकऱ्याची गत थोडीच बरी. पंपाची वीज रात्रपाळीत आली की दारे धरायला त्याला उसात उतरावेच लागते. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला लहान सावजासारखा दिसतो, आणि शेतीची निम्मी कामे वाकून, बसूनच होतात. शहरात राहून बिबट्याचे छायाचित्र पाहून हळहळणाऱ्यांना या दयेसाठी काहीच मोजावे लागत नाही. सगळे मोल कोपीतल्या कुटुंबाने द्यायचे, हा अन्याय आहे. तो तसाच चालू ठेवून कोणी सहजीवनाचे गोडवे गाऊ नयेत.

बिबट्याला नियम शिकवता येत नाहीत. त्याने कोणाची जमीन बळकावलेली नाही. पीक आपण निवडले, पाणी आपण आणले. म्हणून वागणे बदलण्याची जबाबदारी आपली, आणि तिचा खर्चही सर्वांचा. मृत्यूनंतर कुटुंबाला 25 लाख रुपये देणारे सरकार मृत्यूआधी काय देते, हा खरा प्रश्न. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज द्यायचे ठरले आहे, तर ती सर्वांत आधी या चार तालुक्यांत पोहोचवा. गोठ्यांना जाळीची बंदिस्त भिंत आणि पक्के दार अनुदानातून द्या. बिबट्यांच्या नसबंदीचा विचार सुरू झाला आहे, तो प्रयोग जरूर व्हावा. पण त्याचे फळ दिसायला वर्षे लागतील, आणि कोप्या या हंगामातही पडणारच आहेत. साखर आयुक्तालय दरवर्षी कारखान्यांना गाळप परवाना देते. तोडणी मजुरांच्या तळावर कुंपण, रात्रभर उजेड, शौचालय आणि मुलांसाठी बंद खोली असल्याशिवाय बिबट्याप्रवण भागातील एकाही कारखान्याला तो देऊ नये.