आधी वैरण, मग चंदी

घोड्याला चणे चारा आणि मग बघा जोर, हे अंबरनाथ-उल्हासनगरात घोडीवाल्यापासून वरातीतल्या काकांपर्यंत कुणीही ऐकवतं. लग्नसराईत शिवमंदिराच्या रस्त्याला घोडी उभी राहिली की कुणी गूळ-चणे पुढे करतं, कुणी पेढा, कुणी पंगतीतली पुरी. ती आवडीनं खाते, म्हणजे तिला मानवतं, असा सगळ्यांचा हिशेब.

हिशेब चुकीचा आहे. घोड्याचं जठर देहाच्या मानानं लहान, ८ ते १५ लिटरचं, आणि त्याला ओकता येत नाही. जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं. ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. वैरण चघळायला तास न् तास लागतात, तोबऱ्यातला दाणा बघता बघता फस्त होतो. दाणा एकदम फार झाला की न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरून आंबतं. मग पोटशूळ उठतो, नाहीतर खुराच्या आत सूज येऊन जनावर पाय टेकेनासं होतं.

मराठ्यांची घोडी चंदीवरच, म्हणजे दाण्यावरच, दौडली ना? दौडली. दौडत होती म्हणूनच चंदी अंगी लागत होती. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र काढून वाचा. पावसाळ्याच्या बेगमीत दाण्याइतकीच वैरणीची काळजी तिथं आहे. उंदरानं पेटती वात नेऊन गवताला आग लागेल, इथवर विचार केलेला. आपली वरातीची घोडी तास-दोन तास चालते आणि एरवी खुंट्याला असते. युरोपात कामाची घोडी रविवारी बसून पूर्ण दाणा खायची आणि सोमवारी जुंपली की त्यांचे स्नायू आखडायचे. त्याला ‘सोमवारचा आजार’च म्हणत. (शंकराच्या वाराचा यात काही दोष नाही.)

‘नुसत्या गवतावर घोडा मरतुकडा होतो’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे. हा भाताचा पट्टा. इथं गवत म्हणून पुष्कळदा पेंढाच पुढे पडतो आणि पेंढ्यात कस नसतो. पण त्यावर उतारा म्हणून पाटीभर गव्हाचा कोंडा घालणं आणखी वाईट. कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम थोडं. महिनोन् महिने तोच चारला तर हाडं पोकळ होतात.

साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज ५ ते ७ किलो चांगलं वाळलेलं गवत किंवा कडबा हवा, तोही दिवसभरात विभागून. समोर मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी. चंदी कामाच्या मापानं, तोलून, दोन-तीन वेळांत. बसत्या दिवशी अगदी थोडी. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

घोडीवाला म्हणेल, चणे पिशवीत मावतात, गवताच्या गाठी उल्हासनगरच्या गल्लीत ठेवू कुठं? तक्रार खरी आहे, आणि ती एकट्या त्याच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. बँडवाल्यांना हजारो रुपये मोजणाऱ्या वरपक्षानं घोडी ठरवताना भाड्यात चार दिवसांच्या वैरणीचे पैसे धरावेत आणि पेढे पाहुण्यांना वाटावेत.